नमुना, पत्र आणि चिठ्ठी : पश्चिम भारतातील आरंभीच्या निसर्गअभ्यासकांची देवाणघेवाण आणि नाशिक-खानदेश परिसर

सारांश

एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील वनस्पती व पक्षी यांचे शास्त्रीय ज्ञान मुख्यतः दोन साधनांवर उभे राहिले : अभ्यासकांचा परस्पर पत्रव्यवहार आणि नमुन्यांची देवाणघेवाण. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे नमुन्याला बांधलेली वा चिकटवलेली छोटी चिठ्ठी. स्थळ, काळ आणि संग्राहक यांची नोंद करणारी ही चिठ्ठी जेथे नेमकी राहिली तेथे ज्ञान टिकले. जेथे ती मोघम झाली तेथे ते अंधुक झाले आणि जेथे ती बनावट झाली तेथे पुढील पिढ्यांची दिशाभूल झाली. ग्रॅहम, लॉ, स्टॉक्स, वुड्रो, कुक, ह्यूम व डेव्हिडसन यांच्या कार्याच्या आधारे, तसेच नाशिक-खानदेश परिसराच्या विशेष संदर्भात, प्रस्तुत निबंधात या मुद्द्याची चर्चा केली आहे.

महत्त्वाचे शब्द : वनस्पतिसंग्रह, नमुना, चिठ्ठी, पत्रव्यवहार, सह्याद्री, खानदेश, रानपिंगळा.

१. प्रस्तावना

वसाहतकालीन विज्ञानाचा इतिहास लिहिताना ग्रंथ, संस्था आणि थोर व्यक्ती यांच्याकडे स्वाभाविकपणे अधिक लक्ष दिले जाते. तथापि निसर्गविज्ञानाच्या बाबतीत ग्रंथ ही शेवटची पायरी असते. तिच्याआधी कोणीतरी डोंगरावर जाऊन फांदी तोडलेली असते, ती कागदात दाबून वाळवलेली असते, तिच्यासोबत चार ओळी लिहिलेल्या असतात आणि ते सारे बोचके बैलगाडी, टपाल व जहाज यांच्या साहाय्याने शेकडो वा हजारो मैल दूर पाठवलेले असते. ग्रंथकर्त्याने ती वनस्पती जिवंत अवस्थेत पाहिलेली असतेच असे नाही. त्याच्यासमोर असतो तो वाळलेला नमुना आणि त्याच्यासोबतची चिठ्ठी.

इतिहासाच्या अभ्यासकास हा व्यवहार परिचित वाटावा असाच आहे. नमुना हा एक प्रकारचा दस्तऐवज असून त्याची चिठ्ठी म्हणजे त्या दस्तऐवजाचा कर्ता, काळ आणि स्थळ सांगणारी नोंद होय. दस्तऐवजाची विश्वसनीयता तपासण्याचे जे नियम ऐतिहासिक साधनांना लागू होतात तेच येथेही लागू पडतात. या दृष्टीने प्रकाशित वनस्पतिग्रंथ, नियतकालिके व संग्रहांविषयीचे संशोधन यांच्या आधारे पुढील उद्दिष्टे समोर ठेवली आहेत :

(अ) पश्चिम भारतातील निसर्गअभ्यासकांच्या देवाणघेवाणीचे स्वरूप स्पष्ट करणे.
(ब) या व्यवहारात स्थानिक संग्राहकांना कोणते स्थान मिळाले, याचा शोध घेणे.
(क) चिठ्ठीच्या खरेखोटेपणाचा ज्ञानावर झालेला परिणाम तपासणे.

२. पूर्वपीठिका : नागरी लिपीतील एक साक्षपत्र

भारतीय वनस्पतींविषयीची माहिती युरोपात पोहोचण्याची परंपरा जुनी आहे. गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि अवघ्या चार वर्षांत, १५६७ मध्ये, क्लूसियस याने त्याचे संक्षिप्त लॅटिन रूप प्रसिद्ध केले. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने सिद्ध केलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापला गेला.

या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील एक गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. कोचीनमधील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी भाषिक वैद्यांनी १६७५ मध्ये दिलेले साक्षपत्र त्यात नागरी लिपीतच छापलेले आहे. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याची साक्षही त्यात आहे. ग्रंथातील माहिती कोणी दिली, हे त्या माणसांच्या नावांनिशी आणि त्यांच्याच अक्षरांत नोंदवले गेले. पुढील दोन शतकांत पश्चिम भारतात जे विपुल काम झाले त्यात अशी नोंद क्वचितच आढळते. हा फरक पुढील विवेचनात पुन्हा लक्षात येईल.

३. टपाल, कागद आणि पावसाळा

मुंबई परिसरातील वनस्पतींची पहिली मोठी सूची टपालखात्यातील अधिकाऱ्याने लिहिली, हा योगायोग बोलका आहे. जॉन ग्रॅहम हे मुंबईचे उपमहाडाकपाल होते. त्यांनी तयार केलेली मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये मुंबईत छापली जात असतानाच खंडाळा येथे त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केले. मुलकी सेवेतील जॉन सदरलँड लॉ, दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन आणि स्वतः निम्मो यांच्याकडून मिळालेल्या माहितीचा या सूचीत मोठा वाटा आहे. एका अर्थाने ती मित्रमंडळाच्या पत्रव्यवहाराचीच फलश्रुती होती.

या मंडळींपैकी व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ जवळजवळ कोणीच नव्हते. कोणी शल्यचिकित्सक, कोणी मुलकी अधिकारी, कोणी वनाधिकारी होते. त्यांच्याजवळ तुलनेसाठी मोठा संग्रह नव्हता की अद्ययावत ग्रंथालय नव्हते. हाती आलेली वनस्पती नवी आहे की पूर्वीच वर्णिलेली आहे, हे ठरवण्यासाठी तिचा नमुना मद्रास, कलकत्ता किंवा लंडनजवळील क्यू येथे पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते. मद्रास इलाख्यातील रॉबर्ट वाइट यांच्या सचित्र ग्रंथमालेत पश्चिम भारतातून गेलेल्या नमुन्यांचा उपयोग झालेला दिसतो, तो याच व्यवहारातून.

नमुना तयार करण्याचे काम कष्टाचे होते. सह्याद्रीतील बहुसंख्य वनौषधी जुलै ते ऑक्टोबर या काळात फुलतात. म्हणजे ज्या काळात हवेत सर्वाधिक ओलावा असतो त्याच काळात नमुने वाळवावे लागत. टीपकागद रोज बदलावे लागत, ओले कागद शेकोटीवर शेकावे लागत, नाहीतर बुरशी सारे काम वाया घालवी. वाळलेल्या नमुन्यावर किडीचे संकट असे, म्हणून विषारी द्रावणाचा हात फिरवला जाई. एकाच झुडपाच्या चार-पाच फांद्या घेऊन त्यांना एकच क्रमांक देण्याची पद्धत होती. एक प्रत स्वतःजवळ ठेवून उरलेल्या इतरांना पाठवल्या जात. या जादा प्रती म्हणजे निसर्गअभ्यासकांचे चलनच होते. त्यांच्या बदल्यात दुसऱ्या प्रदेशातील नमुने, ग्रंथ, बी-बियाणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खात्रीचे नाव मिळे. क्रमांक समान असल्याने क्यूहून आलेले उत्तर पुण्यातील प्रतीलाही लागू पडे.

१८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्याच्या दराने पत्र पाठवण्याची सोय झाली. त्यापूर्वी अंतरानुसार टपालहशील पडत असे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीपर्यंत पोहोचली आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. या तिन्ही घटनांनी डोंगरावरील फांदी आणि दूरच्या संग्रहालयातील टेबल यांमधील अंतर झपाट्याने कमी केले. मुंबईहून एका दिवसात गाठता येणारे, घाटमाथ्यावरचे, भरपूर पावसाचे इगतपुरी हे नाव पुढील काळातील वनस्पतिसंग्रहांत वारंवार दिसते, त्याचे एक कारण हा लोहमार्ग आहे.

४. 'मलबार, कोकण इत्यादी' : हरवलेली स्थळे

देवाणघेवाण वाढली तशी तिची एक दुर्बलताही उघड झाली. डॉ. जॉन एलर्टन स्टॉक्स यांनी सिंध व पश्चिम भारतात मोठा संग्रह केला होता. ते इंग्लंडला परतले आणि १८५४ मध्ये अल्पवयात निवर्तले. त्यांचा आणि लॉ यांचा संग्रह क्यू येथे जोसेफ हूकर व टॉमस टॉमसन यांच्या हाती आला. या दोघांनी भारतीय वनस्पतींच्या जादा प्रती युरोपातील अनेक संग्रहालयांना वाटल्या. वाटपाचे प्रमाण इतके मोठे होते की त्यासाठी छापील चिठ्ठ्या वापरल्या गेल्या. पश्चिम भारतातील अनेक नमुन्यांच्या चिठ्ठीवर स्थळ म्हणून 'मलबार, कोकण इत्यादी' आणि संग्राहक म्हणून 'स्टॉक्स, लॉ इत्यादी' एवढाच मजकूर होता.

'इत्यादी' हा शब्द येथे फार महागात पडला. नमुना स्टॉक्स यांचा की लॉ यांचा, कोकणातला की घाटमाथ्यावरचा, जूनमधला की ऑक्टोबरमधला, हे या चिठ्ठीवरून कळत नाही. यांपैकी काही नमुने पुढे नव्या जातींच्या वर्णनाचा आधार ठरले. अशा जातीचे मूळ स्थान कोणते, हा प्रश्न मग शंभर-दीडशे वर्षांनी सह्याद्रीत फिरणाऱ्या संशोधकापुढे उभा राहतो. सह्याद्री किती बारकाव्याने बदलतो हे जाणणाऱ्यास या प्रश्नाचे गांभीर्य सहज कळेल. येथे एका डोंगराच्या माथ्यावर वाढणारी वनस्पती शेजारच्या डोंगरावर नसू शकते. अशा प्रदेशात 'कोकण इत्यादी' हे स्थळ फारसे काहीच सांगत नाही.

याचा दोष व्यक्तींना देणे योग्य होणार नाही. हूकर यांच्यापुढे संपूर्ण ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ होता. तो १८७२ ते १८९७ या काळात पूर्ण झाला. खंडप्राय प्रदेशाचे चित्र रेखाटणाऱ्यास गाव व टेकडी हे तपशील गौण वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु मध्यवर्ती संस्थेची गरज आणि स्थानिक ज्ञानाची गरज एकच नसते, हे या चिठ्ठीने दाखवून दिले.

५. कानिटकर, भिवा, रानडे : नावांची नोंद

संग्राहकाच्या नावाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. या काळातील वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत लॉ, स्टॉक्स, गिब्सन, डॅल्झेल, निम्मो, वुड्रो ही आडनावे लॅटिन रूपात ठिकठिकाणी भेटतात. निकोल डॅल्झेल यांनी जुन्नर परिसरात मिळालेल्या एका मांसल वनस्पतीचे, म्हणजे शिंदळ माकुडीचे, वर्णन केले तेव्हा तिला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. ही वनस्पती कोणत्या कड्यावर उगवते हे ज्या गुराख्याला वा वाटाड्याला ठाऊक होते त्याच्या नावाला मात्र शास्त्रीय परिभाषेत स्थान नव्हते. दापोडी येथे गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढली गेली. ती आज एडिनबर्ग येथे आहेत, पण ती काढणाऱ्या कलावंताचे नाव नोंदलेले नाही.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये या परिस्थितीत काहीसा बदल झाला. जॉर्ज मार्शल वुड्रो हे तेथे वनस्पतिशास्त्र शिकवत आणि प्राचार्य थिओडोर कुक यांनाही या विषयात आस्था होती. त्यांच्याभोवती एतद्देशीय संग्राहकांचा गट तयार झाला. निवृत्तीनंतर कुक यांनी क्यू येथे बसून मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जातीखाली स्थळ, संग्राहकाचे नाव आणि त्यापुढे उद्गारचिन्ह अशी नोंद आढळते. वनस्पतिशास्त्रातील संकेतानुसार या उद्गारचिन्हाचा अर्थ, लेखकाने तो नमुना स्वतः पाहिला आहे, असा होतो. स्टॉक्स, लॉ, डॅल्झेल यांच्या पंक्तीत कानिटकर, गराडे, भिवा ही नावे त्याच उद्गारचिन्हासह येतात. भिवा यांचे आडनाव न देता एकेरी नावच छापले गेले, ही तत्कालीन सामाजिक दरी दाखवणारी बाब आहे. तरीही त्या नावामुळेच त्यांचे काम आज ओळखता येते.

या गटातील सर्वांत लक्षणीय उदाहरण एन. बी. रानडे यांचे होय. त्यांना आंबा घाटात पिवळसर, घंटेसारख्या फुलांचे एक झुडूप आढळले. वुड्रो यांच्याकडून त्याचे नमुने क्यू येथे गेले. तेथील ऑटो स्टाफ यांनी ती नवी जाती असल्याचे ठरवले आणि १८९४ मध्ये वुड्रो व स्टाफ या दोघांच्या नावे तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव दिले गेले ते 'अ‍ॅबुटिलॉन रानडेई'. मराठीत ही वनस्पती सोनघंटा म्हणून ओळखली जाते. पुढे अनेक दशके ती फारशी कोणाच्या नजरेस पडली नाही आणि आजही ती अत्यंत दुर्मिळ आहे. तिच्या पुनःशोधात आंबा घाट हे चिठ्ठीवरील स्थळ मार्गदर्शक ठरू शकले, कारण ते 'इत्यादी'त विरघळलेले नव्हते. पुण्याच्याच आर. के. भिडे यांच्या नावावरून गवताच्या एका वंशाला 'भिडिया' हे नाव मिळाले. मात्र ते रीतसर प्रसिद्ध होण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

याच सुमारास मुंबईत संस्थात्मक पाया घातला गेला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यकव्यावसायिक होते. १८८६ पासून निघू लागलेल्या संस्थेच्या नियतकालिकातील संकीर्ण टिपणे म्हणजे खासगी पत्रांचे सार्वजनिक रूप होते. एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या अधिकाऱ्याने संपादकांना लिहिलेले पत्र आता सर्व सभासद वाचू शकत आणि त्याला उत्तरही देऊ शकत. पुढे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मुंबई परिसरातील विषारी वनस्पतींवरील लेखमाला याच नियतकालिकात लिहिली. पत्रव्यवहाराचे केंद्र अंशतः का होईना, क्यूहून मुंबईकडे सरकले.

६. खानदेशचा रानपिंगळा : बनावट चिठ्ठीचे प्रकरण

चिठ्ठीच्या सत्यतेवर काय अवलंबून असते, याचे जगभर गाजलेले उदाहरण नाशिक महसूल विभागातच घडले आहे. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्यापूर्वी भारतातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. सिमला येथील निवासस्थानी त्यांनी पक्ष्यांच्या कातड्यांचा प्रचंड संग्रह केला आणि १८७२ पासून 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक चालवले. देशभरातील अधिकारी त्यांना पत्रे व नमुने पाठवत. आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात एफ. आर. ब्लेविट यांना डिसेंबर १८७२ मध्ये मिळालेल्या एका घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हाच रानपिंगळा होय.

ह्यूम यांच्या वर्तुळातील एक साक्षेपी संग्राहक म्हणजे मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्ये प्रसिद्ध झाली. शहादा-तळोदा भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांनी रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. १८८५ मध्ये ह्यूम यांनी आपला सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ मधला. त्यानंतर हा पक्षी कोणालाही दिसला नाही. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे केवळ सात नमुने उरले.

त्यांपैकी एका नमुन्याची चिठ्ठी वेगळे काही सांगत होती. तो नमुना १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे तापीकाठी मिळाल्याची नोंद होती आणि संग्राहक म्हणून कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांचे नाव होते. ही सर्वांत अलीकडची नोंद असल्याने तिला स्वाभाविकच विशेष महत्त्व दिले गेले. पक्षी शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले. डॉ. सालिम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनाही यश आले नाही. हा पक्षी नामशेष झाला असावा, अशी शंका बळावत गेली.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. येथे एक विलक्षण गोष्ट उपयोगी पडली. पक्ष्याचे कातडे सोलणे, त्यात कापूस भरणे, पंख व पाय बांधणे या कामात प्रत्येक संग्राहकाची स्वतःची लकब असते. हस्ताक्षर ओळखावे तशी ती जाणकाराला ओळखता येते. क्ष-किरण चित्रे आणि आतील भरणाची तुलना यांवरून असे दिसून आले की, १९१४ मधला म्हणून दाखवलेला नमुना मुळात डेव्हिडसन यांनी खानदेशात तयार केलेला होता. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा घडवून, खोट्या चिठ्ठीसह परत आणला गेला होता. हे संशोधन १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

१९१४ ची नोंद बाद झाल्याने शोधाची दिशा बदलली. आता खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळेच काय ती उरली. बेन किंग, रासमुसेन आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुनी स्थळे पाहिली आणि नंतर ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी या पक्ष्याचे अस्तित्व पुन्हा सिद्ध झाले. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीने शतकानंतरही वाट दाखवली, तर बनावट चिठ्ठीने मध्यंतरीच्या काळात अभ्यासकांना भलत्याच ठिकाणी गुंतवले. ज्या काळात हा शोध पुढे सरकायला हवा होता त्याच काळात सातपुड्यातील जंगल घटत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फसवणुकीची खरी किंमत कळते.

७. जुनी चिठ्ठी वाचण्याचे कसब

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध आणखी एका बाजूने येतो. जुन्या चिठ्ठीवरील स्थळनाम आजच्या नकाशावर बसवणे हे सरळ काम नाही. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचे तालुके अहमदनगर व खानदेश या जिल्ह्यांत विभागलेले होते. म्हणून १८५० च्या सुमारास 'खानदेश' किंवा 'अहमदनगर' असे लिहिलेला नमुना आजच्या नाशिक जिल्ह्यातील असू शकतो. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. १९९७ मध्ये रानपिंगळा दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते, वर्षभरातच ते नंदुरबार जिल्ह्यात गेले. महसुली विभागांचा इतिहास माहीत नसलेला निसर्गअभ्यासक अशा चिठ्ठीचा अर्थ चुकीचा लावण्याची शक्यता मोठी आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि इतिहास या विभागांनी एकत्र बसून करावे असे हे काम आहे.

नाशिक जिल्ह्यापुरते पाहिले तर बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लक्ष्मीनरसिंहन व शर्मा यांचा जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ हा या दिशेने झालेला महत्त्वाचा प्रयत्न होय. त्यानंतरही नव्या जाती सापडण्याचे थांबले नाही. त्र्यंबकेश्वरजवळील अंजनेरी डोंगरावर आढळलेल्या कंदीलपुष्पाच्या एका नव्या जातीचे वर्णन मालपुरे, कांबळे व यादव यांनी २००६ मध्ये केले आणि तिला 'सेरोपेजिया अंजनेरिका' असे नाव दिले. याच वंशातील 'सेरोपेजिया लॉई' हे नाव एकोणिसाव्या शतकातील अधिकारी लॉ यांचे स्मरण करून देते. एका नावात संग्राहक, तर दुसऱ्यात डोंगर आहे. पहिल्या काळात नाव ठरवण्यासाठी नमुना परदेशी जाणे अपरिहार्य होते. दुसऱ्या काळात शोध, वर्णन आणि नामकरण महाराष्ट्रातच झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्याने सापडलेल्या जातीचे नमुने अधिकृत भारतीय भांडारात ठेवणे बंधनकारक आहे. एकतर्फी प्रवाहाला घातलेला हा कायदेशीर बांध म्हणता येईल. दुसरीकडे परदेशी संग्रहालयांतील अनेक जुन्या नमुन्यांची चित्रे आता संगणकावर पाहता येतात. स्टॉक्स-लॉ यांच्या 'इत्यादी'चे कोडे सोडवण्याची संधी त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही मिळाली आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पश्चिम भारतातील निसर्गविज्ञान हे एकट्यादुकट्या विद्वानाचे काम नव्हते. अधिकारी, डॉक्टर, अध्यापक, संग्राहक, चित्रकार व वाटाडे यांच्या परस्परावलंबी व्यवहारातून ते घडले. पत्र आणि जादा नमुना ही त्या व्यवहाराची साधने होती.

२. या व्यवहारात स्थानिक माणसांचे योगदान सातत्याने होते, परंतु त्याची नोंद अनियमित राहिली. 'हॉर्टस मलबारिकस'मधील नागरी साक्षपत्र आणि कुक यांच्या ग्रंथातील भिवा, कानिटकर ही नावे यांवरून असे दिसते की, नोंद करण्याची इच्छा असेल तेथे ती शक्य होती.

३. नमुन्याचे शास्त्रीय मूल्य चिठ्ठीच्या नेमकेपणावर व सचोटीवर अवलंबून असते. मोघम चिठ्ठीने स्थळे हरवली आणि बनावट चिठ्ठीने एका पक्ष्याचा शोध लांबवला. प्रामाणिक चिठ्ठीने शतकानंतर तोच पक्षी पुन्हा मिळवून दिला.

४. हा इतिहास महाविद्यालयांना थेट लागू पडतो. वनस्पतिशास्त्र विभागांच्या कपाटांत विद्यार्थ्यांनी सहलींत गोळा केलेले हजारो नमुने असतात. त्यांपैकी पुष्कळांवर जातीचे नाव व परीक्षेचा क्रमांक एवढेच असते. गाव, डोंगर, तारीख, संग्राहकाचे पूर्ण नाव आणि वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचे नाव लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. दुर्मिळ वनस्पतींच्या बाबतीत नेमके ठिकाण विभागाच्या दप्तरी ठेवून जाहीर न करणे हिताचे ठरेल. ज्या डोंगरांवर आज खाणी, रस्ते व बांधकामे पोहोचली आहेत तेथील वनस्पतींविषयी उद्या प्रश्न विचारला जाईल तेव्हा हीच कपाटे साक्षीला येणार आहेत. ती साक्ष ग्राह्य ठरावी एवढी काळजी आज चिठ्ठी लिहिणाऱ्याने घ्यावयाची आहे.